लॅपटॉपवर चालणारं अ‍ॅप सर्व्हरवर का पडतं आणि शोधायचं कुठे

गिट पुश केलं (म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या टूलने कोड सर्व्हरकडे पाठवला), लिंक उघडली आणि समोर पांढरं पान नाहीतर ‘अ‍ॅप्लिकेशन एरर’. इथून पुढे बरेच जण काय करतात तर कोडमध्ये काहीतरी बदलतात, परत पुश करतात, परत बघतात, मग अजून काहीतरी बदलतात, आणि तासाभराने हिस्टरीत ‘फिक्स’, ‘फिक्स २’, ‘फायनल फिक्स’ अशी रांग लागलेली असते आणि मूळ प्रॉब्लेम होता तिथेच असतो, वर त्यात दोन नवीन घुसलेले असतात. फायनल इयरच्या प्रोजेक्टवाल्यांपासून ते दोन-तीन वर्षं नोकरी केलेल्यांपर्यंत सगळ्यांच्या बाबतीत हे होतं. मला वाटतं याचं कारण एकच आहे, सर्व्हरवर नक्की काय काय गेलंय आणि काय गेलेलंच नाहीये याचं चित्र डोक्यात नसतं. ते चित्र पक्कं झालं की शोधायला लागणारा वेळ खरंच खूप कमी होतो, म्हणून आधी तेच नीट बघू.

चालू असलेलं कुठलंही अ‍ॅप म्हणजे तीन गोष्टी असतात. एक कोड, दुसरं कॉन्फिग म्हणजे पासवर्ड, की, डेटाबेसचा पत्ता, पोर्ट वगैरे, आणि तिसरा डेटा म्हणजे डेटाबेस आणि लोकांनी अपलोड केलेल्या फाइल्स. लॅपटॉपवर या तिन्ही गोष्टी एकाच फोल्डरमध्ये, एकाच मशीनवर इतक्या गुण्यागोविंदाने राहतात की त्या वेगळ्या आहेत हे जाणवतच नाही. पण गिट यातली फक्त पहिली गोष्ट नेतं, आणि तीही कमिट केलेली म्हणजे गिटमध्ये नोंदवलेली असेल तेवढीच. सर्व्हर म्हणजे एक कोरं लिनक्स मशीन असतं, त्याला तुमच्या लॅपटॉपवर सहा महिन्यांपूर्वी काय इन्स्टॉल केलं होतं ते माहीत नाही, तुमच्या डॉट ईएनव्ही फाइलमध्ये (लॅपटॉपवरचं कॉन्फिग जिथे लिहिलेलं असतं तिथे) काय आहे ते माहीत नाही. त्याला कमिट मिळतो आणि डॅशबोर्डवर तुम्ही हाताने भरलेली व्हेरिएबल्स मिळतात, बस.

ही पद्धत लोकप्रिय केली हेरोकूने. २००७ साली सुरू झालेली कंपनी, आणि ‘गिट पुश हेरोकू’ एवढं टाइप केलं की पुढचं सगळं आपोआप, ही त्यांची खासियत. तिथल्याच अ‍ॅडम विगिन्स यांनी २०११ च्या सुमारास ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप’ नावाने बारा नियम लिहिले, त्यातला एक नियम असा की कॉन्फिग कोडमध्ये ठेवायचं नाही, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये म्हणजे कोडच्या बाहेर, त्या त्या मशीनवर नाव देऊन ठेवायचं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये हेरोकूचा फुकट प्लॅन बंद झाला आणि शिकणारी मंडळी रेंडर, रेल्वे, व्हर्सेल अशा ठिकाणी पांगली, मोठ्या कंपन्या अ‍ॅमेझॉन, अझूर, गूगलवर असतातच, पण आतला मामला सगळीकडे जवळपास तोच आहे. म्हणून एका ठिकाणचं नीट समजलं की दुसरीकडे फक्त बटणांची जागा बदलते.

आता पुश केल्यापासून पान दिसेपर्यंत अ‍ॅपला काही टप्प्यांतून जावं लागतं. कोड पोचतो, मग बिल्ड होतो, मग सुरू होतो, मग लोकांच्या रिक्वेस्टना उत्तरं द्यायला लागतो. प्रत्येक टप्प्यावर पडण्याची कारणं वेगळी असतात आणि खुणाही वेगळ्या सापडतात. त्यामुळे पडल्यावर पहिला प्रश्न ‘माझ्या कोडमध्ये काय चुकलं’ हा नकोच, पहिला प्रश्न ‘गाडी कुठपर्यंत पोचली होती’ हा हवा.

सुरुवात कोड पोचण्यापासून. ‘मी बदल केला पण साइटवर दिसत नाहीये’ ही तक्रार असेल तर लॉग (सर्व्हरने लिहून ठेवलेली घडामोडींची नोंद) उघडायच्याही आधी डॅशबोर्डवर बघा की कुठला कमिट डिप्लॉय झालाय म्हणजे सर्व्हरवर चढलाय. गिटच्या प्रत्येक कमिटला चाळीस अक्षरांचा हॅश असतो, त्यातली पहिली सात अक्षरं सगळीकडे दाखवतात, ती तुमच्या गिट लॉगमधल्या शेवटच्या कमिटशी जुळतायत का ते बघायला दहा सेकंद लागतात. नसतील जुळत तर एकतर कमिट केलंय पण पुश केलेलं नाही, किंवा पुश वेगळ्या ब्रांचवर झालंय (प्लॅटफॉर्म ‘मेन’वर लक्ष ठेवून बसलाय आणि तुम्ही ‘मास्टर’वर पुश करताय, हे जुन्या रेपोंमध्ये म्हणजे गिटच्या जुन्या प्रोजेक्टमध्ये अजूनही होतं, कारण गिटहबने नवीन रेपोचं डिफॉल्ट नाव २०२० मध्ये बदललं). आणि हॅश जुळत असेल तरी जुनं दिसत असेल तर बहुतेक वेळा ब्राउझरचा कॅश असतो, इन्कॉग्निटोमध्ये उघडून बघा. पुशच नाकारला जात असेल तर फाइल मोठी आहे का बघा, गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, आणि पुढच्या कमिटमध्ये ती डिलीट करून उपयोग नाही कारण मागच्या कमिटमध्ये ती आहेच, आणि पुश करताना सगळी हिस्टरी जाते. ती हिस्टरीतूनच काढावी लागते.

बिल्डचा टप्पा म्हणजे सर्व्हर तुमच्या लायब्ररी डाउनलोड करतो आणि कोड तयार करतो. इथे पडलं तर ते सगळ्यात बरं, कारण लॉगमध्ये सरळ लिहिलेलं असतं, फक्त वाचताना एक गोष्ट पाळा, पहिली एरर शोधा. आपण स्क्रोल करून तळाशी जातो आणि ‘बिल्ड फेल्ड’ एवढंच वाचतो, पण ती शेवटची ओळ नुसती मयताची बातमी असते, कारण वर कुठेतरी पन्नास ओळी आधी असतं.

बिल्डमधला एक प्रॉब्लेम मात्र इतका छुपा आहे की त्यावर जरा थांबायला हवं. विंडोज आणि मॅक या दोन्हीवर साधारणपणे फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर एकच समजतात, लिनक्सवर मात्र त्या दोन वेगळ्या फाइल्स असतात. म्हणजे फाइलचं नाव कॅपिटल एचने ‘हेडर’ आहे आणि इंपोर्ट करताना तुम्ही स्मॉल एच लिहिलाय, तर लॅपटॉपवर महिनोन्‌महिने चालतं आणि सर्व्हरवर ‘मॉड्यूल नॉट फाउंड’. माणूस फाइल उघडून बघतो, फाइल समोर आहे, मग नॉट फाउंड कसं? त्यात भर म्हणजे तुम्ही एक्सप्लोररमध्ये नाव बदललं तरी गिटला बऱ्याचदा तो बदल कळतच नाही, कारण त्यानेही त्या मशीनवर कॅपिटल-स्मॉल दुर्लक्षित करायचं ठरवलेलं असतं. अशा वेळी ‘गिट एमव्ही’ कमांडने नाव बदलायचं, मग तो कमिटमध्ये येतो. हे एकदा माहीत असलं की पुढे आयुष्यभर पाच मिनिटांत सापडतं, माहीत नसलं तर अख्खी रात्र जाते.

दुसरं म्हणजे लायब्ररींची व्हर्जन. नोडमध्ये पॅकेज-लॉक फाइल असते, ती कमिट करायची असते, गिटइग्नोरमध्ये टाकायची नसते. नोड मॉड्यूल्सचं फोल्डर मात्र इग्नोरच करायचं. बरेच जण नेमकं उलटं करतात. लॉक फाइल नसेल तर सर्व्हर आज उपलब्ध असलेलं नवीन व्हर्जन उचलतो आणि तुमच्याकडे चार महिन्यांपूर्वीचं असतं. सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ वापरा, ते लॉक फाइलमध्ये जे आहे तेच टाकतं आणि दोन फाइल्स जुळत नसतील तर तिथेच थांबतं, गप्प बसून वेगळं काही टाकत नाही. पायथनवाल्यांनी रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये गनिकॉर्न (सर्व्हरवर पायथन वेबसाइट चालवणारा प्रोग्राम) आहे ना ते बघावं, लॅपटॉपवर फ्लास्क किंवा जँगोचा स्वतःचा छोटा सर्व्हर चालत असतो त्यामुळे गनिकॉर्नची आठवणच होत नाही. आणि नोड किंवा पायथनचं व्हर्जनही कुठेतरी लिहून ठेवा, नाहीतर प्लॅटफॉर्म स्वतःच्या मनाने ठरवतो.

बिल्ड झालं, हिरवी टिक आली, आणि अ‍ॅप सुरू होतानाच पडलं. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि कारणं बहुतेक वेळा कॉन्फिगमधली असतात, कोडमधली नाही. पहिलं कारण पोर्ट. लॅपटॉपवर तुम्ही ३००० किंवा ५००० लिहून टाकलेलं असतं, पण क्लाउडवर प्लॅटफॉर्म तुम्हाला एक पोर्ट देतो आणि तो ‘पोर्ट’ नावाच्याच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून वाचायचा असतो. हेरोकूवर साठ सेकंदांत त्या पोर्टवर अ‍ॅप ऐकायला लागलं नाही तर ते मारून टाकतात आणि लॉगमध्ये ‘आर १०’ येतं. याचाच जुळा भाऊ म्हणजे अ‍ॅप लोकलहोस्टवर ऐकत बसणं. लोकलहोस्ट म्हणजे फक्त त्याच मशीनच्या आतून आलेल्यांना दार उघडणं, कंटेनरच्या म्हणजे तुमचा कोड ज्या बंदिस्त खोक्यात चालतो त्याच्या बाहेरून येणारी रिक्वेस्ट आतच येऊ शकत नाही, म्हणून होस्ट ०.०.०.० द्यायचा. लॉगमध्ये ‘सर्व्हर रनिंग’ असं दिसतंय आणि तरी साइट उघडत नाही, असं असेल तर आधी हेच तपासा.

दुसरं कारण व्हेरिएबल भरायचंच राहणं. डॉट ईएनव्ही फाइल गिटमध्ये जात नाही (जायलाच नको), म्हणजे त्यातली प्रत्येक ओळ डॅशबोर्डवर हाताने भरावी लागते, आणि आठ भरल्या नि नववी राहिली की अ‍ॅप सुरू होताना पडतं किंवा त्याहून वाईट म्हणजे सुरू होतं आणि तीन दिवसांनी पेमेंटच्या पानावर पडतं. यावर चांगला उपाय म्हणजे अ‍ॅप सुरू होतानाच सगळी गरजेची व्हेरिएबल्स आहेत का ते तपासायचं आणि नसेल तर स्पष्ट नाव घेऊन तिथेच थांबायचं. सोबत ‘ईएनव्ही एक्झाम्पल’ नावाची फाइल कमिट करायची, त्यात फक्त नावं, व्हॅल्यू रिकाम्या. रिअ‍ॅक्ट किंवा व्हीट वापरणाऱ्यांसाठी इथे एक वेगळा खड्डा आहे, फ्रंटएंडची व्हेरिएबल्स बिल्ड होतानाच फाइलमध्ये छापली जातात, म्हणजे डॅशबोर्डवर एपीआयचा पत्ता बदलला आणि नुसतं रीस्टार्ट केलं तर काहीच बदलत नाही, परत बिल्डच करावं लागतं. आणि ती छापलेली व्हेरिएबल्स ब्राउझरमध्ये कुणीही वाचू शकतं, त्यामुळे त्यात गुप्त की कधीच ठेवायची नाही.

गुप्त कीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट कळकळीने सांगतो. डॉट ईएनव्ही किंवा अ‍ॅमेझॉनची की एकदा पब्लिक रेपोमध्ये पुश झाली की ती फाइल डिलीट करून नवीन कमिट टाकल्याने काहीही होत नाही. जुन्या कमिटमध्ये ती तशीच असते आणि असल्या किल्ल्या शोधत फिरणारे बॉट दिवसरात्र चालू असतात. पहिलं काम हिस्टरी साफ करणं नाही, पहिलं काम ती की रद्द करून नवीन काढणं. हिस्टरी नंतर निवांत साफ करा.

आता अ‍ॅप सुरू झालंय, चालतंय, पण मधेच पडतंय किंवा विचित्र वागतंय. इथे ब्राउझरमधला आकडा बरंच काही सांगतो. ५०० आला तर रिक्वेस्ट तुमच्या कोडपर्यंत पोचली आणि तुमचाच कोड फुटला, लॉगमध्ये ट्रेसबॅक म्हणजे एरर कुठल्या ओळीवर आली त्याचा माग मिळेल. ५०२ म्हणजे पुढचा प्रॉक्सी (रिक्वेस्ट आत पोचवणारा मधला सर्व्हर) उभा आहे पण मागच्या अ‍ॅपने धड उत्तर दिलं नाही, बऱ्याचदा अ‍ॅप मरून पडलेलं असतं. ५०४ म्हणजे अ‍ॅपने वेळेत उत्तर दिलं नाही. हेरोकूवर ही मर्यादा तीस सेकंदांची आहे (तिथे आकडा मात्र ५०३ दिसतो), म्हणजे मोठा रिपोर्ट बनवायला चाळीस सेकंद लागत असतील तर लॅपटॉपवर तो बनतो आणि तिथे कधीच बनणार नाही, ते काम बॅकग्राउंडला टाकावं लागतं. आणि लॉगमध्ये प्रोसेस १३७ या कोडने बंद झालेली दिसली तर तिला बाहेरून ठार केलंय, नव्वद टक्के मेमरी संपली म्हणूनच, छोट्या प्लॅनवर ५१२ एमबीच असते.

डेटाच्या बाबतीत जे होतं ते जास्त त्रासदायक असतं कारण एरर येतच नाही. बऱ्याच प्लॅटफॉर्मवर सर्व्हरची डिस्क तात्पुरती असते, हेरोकूवर डायनो (तुमचा कोड चालवणारं छोटं मशीन) दिवसातून किमान एकदा रीस्टार्ट होतो आणि प्रत्येक डिप्लॉयला तर नवीनच मशीन मिळतं. लोकांनी अपलोड केलेले फोटो अपलोड्स फोल्डरमध्ये ठेवत असाल किंवा डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट, जो त्याच डिस्कवर एका फाइलमध्ये राहतो, वापरत असाल तर दुसऱ्या दिवशी सगळं गायब. कुणी हॅक केलं नाही, कुणी डिलीट केलं नाही, मशीनच बदललं. फोटो एस-थ्रीसारख्या फाइल साठवणाऱ्या ठिकाणी आणि डेटाबेस वेगळ्या पोस्टग्रेसमध्ये, याला पर्याय नाही.

आपल्याकडच्या अ‍ॅपना होणारे दोन त्रास यातच येतात. एक, सर्व्हरचं घड्याळ साधारणपणे यूटीसीवर म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतं आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. म्हणजे रात्री बारा ते पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या दृष्टीने अजून कालचीच तारीख असते. हजेरीचं अ‍ॅप असेल, दूधवाल्याच्या हिशोबाचं असेल, पहाटे पाचला केलेली नोंद कालच्या खात्यात पडते, आणि तुम्ही दुपारी टेस्ट करता तेव्हा सगळं बरोबर दिसतं. लॅपटॉपवर तर कधीच दिसणार नाही कारण लॅपटॉप भारतीय वेळेवर आहे. साठवताना यूटीसीतच साठवा, पण ‘आज’ म्हणजे कुठली तारीख हे ठरवताना एशिया-कोलकाता टाइमझोन स्पष्ट सांगा. दोन, मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं येणं. मायएसक्यूएलचा डिफॉल्ट कॅरेक्टर सेट ८.० व्हर्जनपासून यूटीएफ-८-एमबी-४ झाला, त्याआधी तो लॅटिन-१ होता, त्यामुळे लॅपटॉपवर नवीन आणि स्वस्तातल्या होस्टिंगवर जुनं ५.७ असेल तर तोच कोड, तोच कमिट, आणि ‘सातारा’च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं किंवा थेट एरर. टेबल बनवतानाच कॅरेक्टर सेट लिहून द्या, डिफॉल्टच्या भरवशावर राहू नका. आणि साइट नुसतीच हळू असेल तर अ‍ॅप आणि डेटाबेस एकाच रीजनमध्ये म्हणजे जगाच्या एकाच भागातल्या डेटा सेंटरमध्ये आहेत ना ते बघा. अ‍ॅमेझॉनचा मुंबई रीजन २०१६ पासून आहे, पण फुकट प्लॅनवर अ‍ॅप पटकन अमेरिकेत जातं, डेटाबेस मुंबईत राहतो, मग प्रत्येक क्वेरीला जाऊन-येऊन दोनशे मिलिसेकंद किंवा जास्तच लागतात, आणि एका पानाला तीस क्वेरी असतील तर हिशोब तुम्हीच करा.

लाइव्ह साइट पडली असेल तर शोधत बसण्याआधी मागच्या चालू व्हर्जनवर जायचं, हे बरोबरच आहे. त्यासाठी ‘गिट रिव्हर्ट’ वापरा. तो उलटा बदल करणारा नवीन कमिट टाकतो, हिस्टरी शाबूत राहते. ‘रीसेट हार्ड’ करून फोर्स पुश केलं की टीममधल्या बाकीच्यांच्या रेपोंचा विचका होतो आणि काय बिघडलं होतं त्याचा पुरावाही रेपोतून जातो. पण रोलबॅक म्हटल्यावर परत तेच लक्षात ठेवायचं की त्याने फक्त कोड मागे जातो, कॉन्फिग आणि डेटा आहे तिथेच राहतो. हे न कळल्याने काय होऊ शकतं याचं सगळ्यात महागडं उदाहरण अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर ट्रेडिंग कंपनीचं आहे. १ ऑगस्ट २०१२ ला त्यांनी नवीन कोड सुरू केला, तो आठ सर्व्हरवर जायला हवा होता, सातवर गेला, एकावर राहिला. नवीन कोडने एक जुना फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारा स्विच) परत वापरायला घेतला होता आणि त्या आठव्या सर्व्हरवर त्याच फ्लॅगने वर्षानुवर्षं वापरात नसलेला ‘पॉवर पेग’ नावाचा जुना कोड जागा झाला आणि धडाधड ऑर्डर पाठवायला लागला. गडबडीत त्यांनी काय केलं, तर ज्या सात सर्व्हरवर नवीन कोड नीट होता तिथूनच तो काढला. म्हणजे कोड मागे गेला पण फ्लॅग चालूच राहिला, त्यामुळे आता त्या सात सर्व्हरवरही जुना कोड जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. तिथल्या नियामक संस्थेच्या आदेशात असंही नोंदवलंय की त्या दिवशी बाजार उघडण्याआधीच सिस्टमने पॉवर पेगचा उल्लेख असलेले ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते, पण ते इशारा म्हणून बनवलेले नव्हते आणि त्यांच्यावर कुणी काही केलं नाही.

आपल्या छोट्या अ‍ॅपमध्ये हेच डेटाबेसच्या मायग्रेशनला म्हणजे टेबलांची रचना बदलताना होतं. नवीन कोडसोबत तुम्ही एका कॉलमचं नाव बदललं, कोड फसला, रिव्हर्ट केलं, आणि आता जुना कोड जुन्या नावाचा कॉलम शोधतोय जो डेटाबेसमध्ये उरलाच नाहीये, म्हणजे आधी एक पान पडत होतं ते आता सगळी साइट पडली. म्हणून कॉलमचं नाव एका झटक्यात बदलायचं नाही. आधी एका डिप्लॉयमध्ये नवीन कॉलम वाढवायचा आणि दोन्हीकडे लिहायला सुरुवात करायची, मग जुना डेटा नवीन कॉलममध्ये कॉपी करायचा, मग वाचणं नवीनवर आणायचं, आणि काही दिवस सगळं शांत असेल तर शेवटी वेगळ्या डिप्लॉयमध्ये जुना कॉलम काढायचा. जुना कॉलम काढेपर्यंत कुठल्याही टप्प्यावर एक पाऊल मागे गेलात तरी चालतं.

आणि साइट सावरली पण नेमकं कुठल्या बदलाने बिघडलं ते कळत नसेल तर ‘गिट बायसेक्ट’ वापरा, फार कमी लोक वापरतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. एक चांगला कमिट सांगायचा, एक वाईट सांगायचा, गिट मधला काढून देतं, तो तपासून चांगला की वाईट ते सांगायचं, परत अर्ध्यावर. हजार कमिट असले तरी दहाएक वेळा तपासून दोषी कमिट हातात येतो. पण त्यासाठी कमिट छोटे आणि एका कामाचे हवेत. ‘फायनल फिक्स’ नावाच्या एका कमिटमध्ये चाळीस फाइल्स बदललेल्या असतील तर बायसेक्ट तुम्हाला तिथपर्यंत नेऊन सोडेल, पुढचं त्या चाळीस फाइल्समध्ये तुम्हालाच शोधावं लागेल.